पाच मिनिटांत १४७, पाच मिनिटांत १२: स्नूकरमधला वेग कसा वाचायचा?

टीव्हीवर स्नूकरचा सामना रंगात आला की पडद्यावर मधूनच एक तक्ता येतो. त्यात एका खेळाडूच्या नावापुढे समजा १८ असतं आणि दुसऱ्याच्या नावापुढे २९. ही असते सरासरी शॉट-वेळ, सेकंदांमध्ये. तक्ता दोन क्षण दिसतो आणि जातो, पण त्यावरचा वाद पुढे कितीतरी दिवस चालतो. कुणी म्हणतं, २९ सेकंद घेणं म्हणजे रडीचा डाव. कुणी म्हणतं, १८ सेकंदांत खेळणाराच खरा जातिवंत. नव्याने खेळ पाहणारा मात्र गोंधळतो. अकरा सेकंदांच्या फरकावर एवढं भांडण का होतं, हेच त्याला कळत नाही.

इंग्लंडमधल्या शेफिल्डच्या क्रूसिबल थिएटरमध्ये जागतिक स्पर्धा होते. तिथल्या दोन प्रसंगांवरून हे भांडण समजायला सोपं जाईल. १९९७ साली रॉनी ओसलिव्हनने मिक प्राइसविरुद्ध १४७ गुण एका दमात केले, आणि त्याला लागली सव्वापाच मिनिटांच्या आसपास. २००५ साली त्याच सभागृहात उपांत्यपूर्व फेरीत तोच ओसलिव्हन खुर्चीत बसून पाहत होता आणि टेबलावर पीटर एब्डन होता. एब्डनने त्या वेळी एका पाळीत जेमतेम १२ गुण केले. त्यालाही पाच मिनिटांहून जास्त वेळ लागला. १४७ आणि १२, वेळ जवळपास सारखाच. तो सामना जिंकला एब्डनने.

आधी खेळ समजून घेऊ

टेबलावर पंधरा लाल बॉल असतात, प्रत्येकी एका गुणाचे. शिवाय सहा रंगीत बॉल असतात, दोन गुणांच्या पिवळ्यापासून सात गुणांच्या काळ्यापर्यंत. पांढऱ्या बॉलने आधी एक लाल पॉकेटमध्ये घालायचा, मग एक रंगीत, मग पुन्हा लाल. रंगीत बॉल परत जागेवर ठेवला जातो. लाल संपले की रंगीत बॉल क्रमाने घालायचे. चुकलात की खुर्चीत जाऊन बसायचं आणि प्रतिस्पर्धी टेबलावर येणार.

तीन शब्द लक्षात ठेवले की पुढचं सगळं कळेल. एक डाव म्हणजे फ्रेम. एका पाळीत सलग केलेले गुण म्हणजे ब्रेक. आणि बॉल घालण्याचा प्रयत्नच न करता पांढरा बॉल अशा जागी नेऊन ठेवायचा, की समोरच्याला खेळायला काही उरू नये, त्याला म्हणतात सेफ्टी. ही सेफ्टी विसरू नका. वेगाचं अर्धं कोडं तिच्यातच आहे.

१४७ हा सर्वोच्च ब्रेक, म्हणजे पंधरा लाल, प्रत्येक लालनंतर काळा, आणि शेवटी सहा रंगीत. एकूण ३६ शॉट.

आकडा कसा निघतो?

हिशोब सोपा आहे. खेळाडूने टेबलावर घालवलेला वेळ भागिले त्याने मारलेले शॉट. व्यावसायिक खेळाडूंपैकी बहुतेकांची सरासरी विशीत असते. थायलंडचा थेपचाया उन-नूह आणि ओसलिव्हन हे त्याच्याही खाली राहतात. दुसऱ्या टोकाला तिशी ओलांडणारे असतात. रॉड लॉलर, रोरी मॅक्लाउड आणि पीटर एब्डन ही तिथली ठळक नावं. लॉलरला चाहत्यांनी ‘रॉड द प्लॉड’ असं नावच ठेवलंय, म्हणजे जड पावलांनी रेटत चालणारा. मॉल्टाचा टोनी ड्रागो ‘टोर्नेडो’, ओसलिव्हन ‘रॉकेट’, अॅलेक्स हिगिन्स ‘हरिकेन’ आणि जिमी व्हाइट ‘व्हर्लविंड’. वेगवानांच्या वाट्याला सगळी वादळं आली.

पंधरा सेकंदांचा फरक ऐकायला किरकोळ वाटतो. शंभर शॉटवर तो पंचवीस मिनिटांचा होतो.

मोजणी वाटते तितकी निर्विवाद नसते, हेही सांगायला हवं. ओसलिव्हनच्या त्या १४७ची अधिकृत वेळ वीस वर्षं ५ मिनिटं २० सेकंद अशी नोंदलेली होती. २०१७ साली जुनं चित्रीकरण पुन्हा तपासलं गेलं आणि घड्याळ आधीच सुरू झाल्याचं लक्षात आलं. आता ती वेळ ५ मिनिटं ८ सेकंद धरतात. एका शॉटला साधारण साडेआठ सेकंद! जगातल्या सगळ्यांत गाजलेल्या ब्रेकचं घड्याळ नेमकं कुठून सुरू करायचं, यावर जर बारा सेकंदांचा फरक पडत असेल, तर एका सामन्यातल्या दोन-तीन सेकंदांच्या फरकावरून कुणाला आळशी किंवा चपळ ठरवू नये.

त्या सेकंदांत खेळाडू करतो काय?

टेबल सुमारे बारा फूट लांब आणि सहा फूट रुंद असतं. आधीचा शॉट संपला की खेळाडू चालत दुसऱ्या जागी जातो, कोन पाहतो, क्यूच्या, म्हणजे बॉल मारायच्या काठीच्या, टोकाला चॉक लावतो, वाकतो, हाताचा टेकू जमवतो, क्यू तीन-चारदा पुढेमागे तोलतो आणि मारतो. बॉल लांब असेल तर रेस्ट, म्हणजे क्यू टेकवायची काठी, घ्यावी लागते. ती मागवा, मांडा, खेळा, परत द्या. ओसलिव्हन दोन्ही हातांनी खेळतो, त्यामुळे जिथे इतरांना रेस्ट लागते तिथे तो नुसता हात बदलतो. त्याच्या वेगाचा एक छोटासा भाग इतका साधा आहे.

मोठा भाग डोळ्यांत आणि डोक्यात असतो. सराईत माणूस मोठ्याने वाचतो तेव्हा जीभ एका शब्दावर असते आणि डोळा पुढच्या ओळीवर गेलेला असतो, म्हणून तो अडखळत नाही. वेगवान खेळाडूचं तसंच असतं. या लालनंतर पांढरा कुठे थांबणार, मग काळा, मग कोणता लाल, हे त्याने वाकण्याआधीच पाहिलेलं असतं. चालता चालता निर्णय झालेला असतो. ड्रागोने १९९६च्या यूके चॅम्पियनशिपमध्ये साडेतीन मिनिटांत शतकी ब्रेक केला होता. असं खेळताना तो घाई करतोय असं पाहणाऱ्याला वाटतं. खरं तर त्याला थांबण्याचं कारणच उरलेलं नसतं.

आणि हळू खेळणारा? घराला कुलूप लावल्यावर ते एकदा ओढून पाहणारी माणसं तुम्ही पाहिली असतील. कुलूप लागलंय हे त्यांना ठाऊक असतं, तरी ओढून पाहिल्याशिवाय पाऊल पुढे पडत नाही. अशा माणसाला ‘ओढू नकोस, चल’ म्हणाल तर तो चालेल, पण मन मागे राहील. हळू खेळाडूला दामटलं की हेच होतं. त्याने निवडलेला शॉट बरोबरच असतो, फक्त मारताना त्याचा स्वतःवर विश्वास बसलेला नसतो. स्नूकरमध्ये अशा मनाने मारलेला बॉल पॉकेटच्या जबड्याला लागून बाहेर येतो.

माझं मत सरळ आहे. स्वाभाविक लय कुणाचीही असो, तिला दोष देण्यात अर्थ नाही. लॉलर पुढे असताना, मागे असताना, नवख्यासमोर, दिग्गजासमोर तसाच खेळत राहिला. त्याला लबाड म्हणणं अन्याय आहे.

सरासरी कुठे फसवते

समजा दोन खेळाडू आहेत. दोघांनाही बॉल घालायला १५ सेकंद लागतात आणि सेफ्टीला ३५. पहिल्याच्या शंभर शॉटपैकी ८० बॉल घालण्याचे होते आणि २० सेफ्टीचे. त्याची सरासरी येते १९. दुसऱ्याला अर्धे-अर्धे खेळावे लागले. त्याची येते २५. माणसं वेगात तंतोतंत सारखी आणि आकडे सहा सेकंदांनी वेगळे! कारण ब्रेक चालू असताना बॉल जवळ असतात आणि पुढचा शॉट बहुधा उघड असतो. सेफ्टीत मात्र पांढरा कुठे थांबेल, लाल कुठे पांगतील, समोरच्याला काय दिसेल, या सगळ्याचा विचार करावा लागतो. म्हणजे कमी सरासरीचा अर्थ ‘हा चपळ आहे’ इतकाच नसतो. ‘याला आज सोपे बॉल मिळाले’ असाही तो असू शकतो.

दुसरी फसवणूक एखाद्याच लांबलेल्या शॉटमुळे होते. कुणी वीस शॉट प्रत्येकी १५ सेकंदांत मारले आणि एकाच शॉटवर पाच मिनिटं विचार केला, तर सरासरी सरळ साडेअठ्ठावीसच्या वर जाते. तक्त्यात तो कासव ठरतो, आणि वीस शॉट त्याने झपाझप मारलेले असतात हे कुणाच्या लक्षातही येत नाही.

‘हळू खेळणाऱ्यांमुळेच फ्रेम लांबतात ना?’

बहुतेकांचा हा पहिला आक्षेप असतो, आणि तो अर्धाच खरा आहे. पुन्हा १४७चे ३६ शॉट घ्या. दर शॉटला चक्क ३० सेकंद घेतले तरी १८ मिनिटांत टेबल रिकामं होतं. उलट दोन वेगवान खेळाडू आलटून पालटून चुकत राहिले आणि फ्रेम शंभर शॉटवर गेली, तर दर शॉटला १८ सेकंद धरूनही अर्धा तास जातो. फ्रेमची लांबी ठरते ती मुख्यतः शॉट किती लागले यावरून.

शॉट वाढतात कधी? बॉल अडचणीत अडकतात तेव्हा. लाल बॉल एकमेकांना चिकटून किंवा कडेच्या गादीला लागून बसले की धोका कुणीच पत्करत नाही आणि सेफ्टीमागून सेफ्टी सुरू होते. २०१७च्या जागतिक स्पर्धेच्या पात्रता फेरीत फर्गल ओब्रायन आणि डेव्हिड गिल्बर्ट यांची निर्णायक फ्रेम १२३ मिनिटं ४१ सेकंद चालली. गुणफलक ९-९ होता आणि जिंकणारा क्रूसिबलला जाणार होता. वर्षभराची मेहनत एका फ्रेमवर आलेली असताना कोण सुसाट मारेल? ओब्रायन जिंकला. क्रूसिबलमधली तोपर्यंतची सर्वांत लांब फ्रेम २०२२ साली मार्क सेल्बी आणि यान बिंगताओ यांच्यात झाली, तब्बल ८५ मिनिटांची. आणि १९८५च्या अंतिम सामन्यातली डेनिस टेलर विरुद्ध स्टीव्ह डेव्हिस ही शेवटची फ्रेम ६८ मिनिटांची होती. मध्यरात्र उलटून गेली तरी ब्रिटनमध्ये १ कोटी ८५ लाख लोक टीव्हीसमोरून हलले नाहीत. लांब फ्रेम म्हणजे कंटाळा, असं म्हणणाऱ्यांनी हा आकडा आठवावा.

मग भांडण नेमकं कशाचं?

बुद्धिबळात तुम्ही विचार करत बसलात तर तुमचंच घड्याळ चालतं. वेळ उधळलात तर शेवटी तुम्हीच अडचणीत येता. स्नूकरमध्ये तसं नाही. इथे तुम्ही घेतलेल्या वेळेची किंमत खुर्चीत बसलेला चुकवतो. त्याला उठता येत नाही, सराव करता येत नाही, हात गरम ठेवता येत नाही. नुसतं पाहत राहायचं. मग वीस मिनिटांनी अचानक त्याची पाळी येते आणि आखडलेल्या खांद्याने पहिलाच बॉल बारा फुटांवरून घालायचा असतो. टेनिसमध्ये समोरचा निदान पळत तरी असतो.

याची झळ सर्वांत जास्त वेगवान खेळाडूला बसते, कारण तो लयीवर जगतो. २००५च्या त्या सामन्यात ओसलिव्हन गतविजेता होता आणि ८-२ ने पुढे होता. एब्डनचा विचार लांबत गेला, एका शॉटला तर तीन मिनिटांहून जास्त लागली. ओसलिव्हन खुर्चीत खचत गेला, मध्येच त्याने प्रेक्षकांतल्या एकाला किती वाजले म्हणून विचारलं. सामना १३-११ असा एब्डनचा झाला. २०१४च्या अंतिम सामन्यात ओसलिव्हन सेल्बीविरुद्ध १०-५ ने पुढे होता. सेल्बीने सेफ्टीची पकड आवळत नेली आणि १८-१४ ने विजेतेपद घेतलं. सेल्बीला ओसलिव्हन ‘टॉर्चरर’ म्हणजे छळणारा म्हणतो.

मला या दोन सामन्यांत फरक दिसतो. सेल्बीने वेळ घेतला तो बॉल अवघड जागी नेऊन ठेवण्यासाठी. समोरच्याला प्रत्येक वेळी खेळायला एक खरं कोडं मिळत होतं. एब्डनच्या त्या १२ गुणांमध्ये बॉल फार अवघड नव्हते आणि तरी काटा फिरत राहिला. मात्र एब्डनच्या मनात काय होतं हे तक्त्यातून कळत नाही. मागे पडलेला माणूस स्वतःला सावरण्यासाठीही असा गोठून जातो, आणि त्याची एकाग्रता त्याआधीपासूनच प्रसिद्ध होती. २००२ साली स्टीफन हेंड्रीला १८-१७ असं हरवून तो जगज्जेता झाला होता तो याच एकाग्रतेवर.

‘पंच काय करतात?’

नियम आहे. खेळाडू वाजवीपेक्षा फार वेळ घेतोय असं पंचाला वाटलं तर तो ताकीद देऊ शकतो, आणि त्यानंतरही सुधारणा झाली नाही तर फ्रेम गमावण्यापर्यंत शिक्षा आहे. पण ‘वाजवी’ म्हणजे किती सेकंद, ते नियमात लिहिलेलं नाही. ते पंचाने टेबल पाहून ठरवायचं. म्हणून अशी ताकीद क्वचितच ऐकू येते. हजारो लोकांसमोर, दडपणाखाली विचार करत असलेल्या माणसाला ‘आटपा’ म्हणणं सोपं नाही.

‘सरळ घड्याळ का लावत नाहीत?’

लावलेलं आहे, काही ठिकाणी. शॉट क्लॉक म्हणजे प्रत्येक शॉटला ठरावीक सेकंद, त्यात मारला नाही तर दंड. प्रीमियर लीग या स्नूकर स्पर्धेत २००५पासून २५ सेकंदांची मर्यादा होती, आणि तिथे ओसलिव्हनने दबदबा गाजवला. शूट आउट नावाच्या स्पर्धेत तर सगळा सामनाच एका फ्रेमचा आणि दहा मिनिटांचा असतो. पहिली पाच मिनिटं दर शॉटला १५ सेकंद, नंतरची पाच मिनिटं फक्त १०. २०१९ साली ती उन-नूहने जिंकली, यात कुणाला आश्चर्य वाटलं नाही. पण डिसेंबर २०२३मध्ये जिंकली मार्क अॅलनने! एरवी सावकाश विचार करून खेळणाऱ्या त्यानेच दहा-दहा सेकंदांच्या शॉटवर करंडक नेला.

यावरून एक शंका येईल. जमतं तर तो नेहमी तसाच का खेळत नाही? कारण दहा मिनिटांच्या सामन्यात बॉल अडकवून ठेवायला कुणालाच वेळ नसतो, चुका दोघांच्याही होतात आणि त्या माफ होतात. जागतिक स्पर्धेचा अंतिम सामना दोन दिवस चालतो आणि जिंकायला १८ फ्रेम लागतात. तिथे एक चूक म्हणजे पुढची सगळी फ्रेम खुर्चीतून पाहायची. चढणीच्या वाटेवर आणि सपाट मैदानात एकाच माणसाची चाल वेगळी असते, तसंच हे.

म्हणून क्रूसिबलमध्ये घड्याळ नको, असं मला ठामपणे वाटतं. ते उघड्या बॉलवर रेंगाळणाऱ्याला थोडा चाप लावेल, पण खरा तडाखा बसेल तो सर्वांत गुंतागुंतीच्या शॉटना. आणि तेच शॉट पाहण्यासाठी आपण थांबलेलो असतो. त्यापेक्षा पंचांनी हातात असलेला नियम वेळेवर वापरावा. सोपा बॉल समोर असताना दोन-तीनदा मर्यादा ओलांडली, की एक शांत ताकीद. एवढी पुरेशी आहे.

‘पण शेवटी वेगवानच श्रेष्ठ ना?’

विजेतेपदांची यादी तसं सांगत नाही. ओसलिव्हन सात वेळा जगज्जेता, हे खरं. हिगिन्सही दोनदा जिंकला, १९७२ आणि १९८२ साली. पण जिमी व्हाइट सहा अंतिम सामने खेळून सहाही हरला. ड्रागोला मानांकन गुणांची एकही स्पर्धा जिंकता आली नाही. उन-नूह १४७च्या अगदी शेवटच्या काळ्या बॉलवर दोनदा चुकला. दुसरीकडे सेल्बी चार वेळा जगज्जेता आहे. कॅनडाच्या क्लिफ थॉर्बर्नचं टोपणनावच ‘ग्राइंडर’, म्हणजे दळत बसणारा. त्याने १९८० साली अंतिम सामन्यात त्याच हिगिन्सला १८-१६ ने हरवलं. याच थॉर्बर्नने १९८३ साली जागतिक स्पर्धेतला पहिलावहिला १४७ केला, आणि तो ज्या सामन्यात केला तो टेरी ग्रिफिथ्सविरुद्धचा सामना पहाटे ३ वाजून ५१ मिनिटांनी संपला. सर्वोच्च ब्रेक आणि पहाटेपर्यंतची दळणी, दोन्ही एकाच माणसाची, एकाच सामन्यात.

‘तरी मला कंटाळा येतोच, त्याचं काय?’

याला माझ्याकडे एक उपाय आहे. हळू खेळणारा टेबलाभोवती फिरू लागला की त्याच्याकडे पाहू नका, टेबलाकडे पहा. तुम्ही असतात तर कोणता बॉल खेळला असता आणि पांढरा कुठे ठेवला असता, ते मनात ठरवा. त्याने तोच शॉट खेळला तर बरं वाटेल. त्याने वेगळाच खेळला तर पांढरा बॉल थांबेपर्यंत पाहत रहा. तो कोणत्या बॉलच्या मागे जाऊन लपला आणि खुर्चीतून उठणाऱ्या माणसाला तिथून काय दिसतं, हे ध्यानात आलं की मधल्या चाळीस सेकंदांत तो काय शोधत होता ते कळतं. आणि बऱ्याचदा असं होतं, की आपलं अजून ठरलेलंच नसतं आणि तो मारून मोकळा झालेला असतो.